कुरडई धड आली तर

आमचे घरमालक कधीच कुणाला हाक मारायचे नाहीत. जामखेडला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट माझ्या लक्षात आली. मी वरच्या मजल्यावर, ते खाली, मध्ये अंगणातून चढणारा लोखंडी जिना. माझं पार्सल येवो, गॅसवाला येवो, नळाला पाणी येवो, हा माणूस खालून कधी "मॅडम" म्हणून ओरडला नाही. गुडघे धरत जिना चढायचा, दारात माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहायचं आणि हळू आवाजात सांगायचं, "नळास पाणी आलेले आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी."

संबंधित म्हणजे मी एकटीच. वर दुसरं कुणी राहतच नव्हतं.

एरवी ते अशी छापील भाषा बोलत नसत. भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी त्यांचं अस्सल इकडचं बोलणं, "हाय" आणि "न्हाई" आणि "लई". पण काही कळवायचं म्हटलं की लगेच इस्त्री केलेलं मराठी. कारण त्यांची सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून झालेली. काचेच्या खिडकीमागे बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माईकवरून सांगायचं. निरनिराळ्या गावांच्या स्टँडांवर त्यांनी हे काम केलं आणि निवृत्त होऊन इथं घर बांधलं. सगळे त्यांना कंट्रोलर अण्णा म्हणत.

आता मला सांगा, ज्या माणसानं आयुष्यभर भोंग्यावरून शेकडो लोकांना इकडून तिकडे पळवलं, तो शेजारच्या खोलीत हाक का मारत नाही? मी कॉलेजात भूगोल शिकवते, पण माझा खरा विषय लोकांची घरं. कुणाच्या फडताळात काय आहे आणि ते तिथंच का आहे, हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. अण्णांच्या बाबतीत तर मी हात धुऊन मागे लागले होते.

त्यांच्या मधल्या खोलीत मशीन होतं. ते त्याला मशीनच म्हणत. रेकॉर्ड प्लेअर, दोन लाकडी खोक्यांचे स्पीकर आणि या सगळ्याचा जीव म्हणजे त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवलेला व्हॉल्वचा अॅम्प्लिफायर. खालचा पत्र्याचा डबा त्यांनी गावातल्या पत्रेवाल्याकडून वाकवून घेतला होता. काचेचे व्हॉल्व नगरच्या आणि पुण्याच्या म्हाताऱ्या रेडिओवाल्यांकडून गोड बोलून मिळवले होते. बटण दाबलं की व्हॉल्वच्या आतल्या तारा हळूहळू तांबूस व्हायच्या. त्या पुरत्या तापेपर्यंत अण्णा कुणाला बोलू देत नसत.

मला वाटलं, संगीताचे शौकीन असतील. कसले शौकीन! पाटावर बसायचे, डोळे मिटायचे आणि नुसते शब्द ऐकायचे. एकदा मी हौसेनं पुण्याच्या जुन्या बाजारातून एका गाजलेल्या गायिकेची रेकॉर्ड आणून दिली. पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "बाई गोड हाय. पर शब्द गिळती." झालं, रेकॉर्ड कव्हरात परत. त्यांची सगळ्यांत लाडकी तबकडी कुठली? इंग्रजी संभाषण शिकवणारी. एक साहेब आणि एक मडम दुकानात छत्री विकत घेतात, एवढंच त्यात होतं. अण्णांना इंग्रजी फारसं कळत नसे.

"मग ऐकता कशाला?" मी विचारलं.

"कळायची गरज न्हाई. एक बी शब्द फुटला का सांगा? एक बी?"

मान्य करावं लागलं, एकही फुटला नव्हता.

अॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूला माईक जोडायचं एक भोक होतं, त्यावर औषधाची चिकटपट्टी मारलेली. आणि फडताळात वरच्या कप्प्यात एक स्टीलचा जेवणाचा डबा. तो मी एकदा उघडला. उघडायला नको होता हे मला कळतं, पण उघडला. आत मफलरमध्ये गुंडाळलेला जुना, जड माईक होता. निवृत्तीच्या समारंभात शाल-नारळाबरोबर दोस्तांनी त्यांना तो स्टँडच्या भंगारातून काढून, चकचकीत करून भेट दिला होता.

"अण्णा, हा जोडत का नाही? एकदा ऐकू तरी तुमचा आवाज."

त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, झाकण लावलं. "त्या भोकातून धूळ जाती, म्हून पट्टी मारली," म्हणाले. मी विचारलं होतं माईकबद्दल आणि उत्तर आलं भोकाबद्दल.

खरी हकिकत मला भाभींनी सांगितली. भाभी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजारीण. दारात शेवयांचं मशीन, उन्हाळा लागला की गच्चीभर कुरडया. त्यांचे मिस्टर असेपर्यंत एका स्टँडवरची कँटीन चालवायचे, तेव्हापासून दोन्ही घरांचा घरोबा. मी त्यांच्याकडे शेवया घ्यायला जायचे त्यापेक्षा बातम्या घ्यायलाच जास्त.

"त्या स्टँडवरचा भोंगा लई खराब हुता," भाभी म्हणाल्या. "अण्णा आत बोलायचे चांगलं, भाईर यायची नुसती खरखर. एक म्हातारी हुती, तिची शेवटची गाडी गेली. खिडकीपाशी आली आन् म्हनली, बाबा, तुजा आवाज म्हंजी कुनी कागद फाडतंय. कसं कळावं मानसानं? ती रातभर बाकड्यावर बसून ऱ्हायली. तिची लेक दवाखान्यात हुती म्हनं."

"मग?"

"मग काय. आमच्या ह्यांनी तिला च्या दिला. अण्णा बी बसले तिच्यासंगं. पर तवापासून अण्णा माईकवर एकदा बोलायचे, की लगीच खिडकीतून उठायचे, आन् बाकड्या-बाकड्याला जाऊन एकेकाला कानात सांगायचे. पाटोद्याची लागली बरं का, करमाळ्याची लागली बरं का. लोक हसायचे. भोंगा पुढं बदलला, नवा आला. पर ह्यांचं काय बदललं न्हाई. त्येंना वाटतं, आवाजच खराब हाय."

मला एकदम जिना चढून येणारे त्यांचे गुडघे आठवले. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर कोडं सुटल्याचा आनंदही झाला.

अण्णांची एकच मुलगी. ती कॅनडात. आम्ही तिला ताई म्हणायचो. तिची लहान मुलगी चिऊ. बायको गेल्यावर अण्णा एकटेच होते, त्यात एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि भाभींनी दार ढकलून त्यांना उठवलं. तेव्हापासून ताईनं धोशा लावला होता की आता कायमचे इकडेच या. दर रविवारी तिचा फोन यायचा. अण्णा फोन कानाला लावायचे, "हां", "बरं", "हां" म्हणायचे आणि फोन माझ्या नाहीतर भाभींच्या हातात द्यायचे. व्हिडिओवर तर नुसती मान हलवायचे. मागाहून तिला मेसेज टाइप करायचे: "येथील सर्व क्षेमकुशल. पाऊस नाही. नोंद घ्यावी."

एका रविवारी फोन असाच माझ्याकडे आला. अण्णा फोन देऊन बाहेर गेले होते. ताई म्हणाली, "काल चिऊनं मला काय विचारलं माहितीय? म्हणे, आई, आजोबांना बोलता येत नाही का?"

हे मी अण्णांना सांगितलं नाही. कसं सांगणार?

शेवटी एकदाचे अण्णा कबूल झाले. पण अट घातली: "मशीन धड पोचत आसंल तर येतो. मशीन फुटनार आसंल तर मी हितंच बरा." ताई म्हणाली, इथं नवं घेऊ, याहून चांगलं घेऊ. अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. विषय संपला.

तर अशा रीतीनं मशीन समुद्रापार न्यायची तयारी आमच्या अंगणात सुरू झाली. मी त्यांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. गोरा माणूस हातमोजे घालून रेकॉर्ड प्लेअर बांधतो आहे: सुई काढली, सुईचा दांडा दोऱ्यानं बांधला, फिरती थाळी उचलून वेगळी ठेवली, व्हॉल्व एकेक काढून गुंडाळले, सगळं एका खोक्यात, ते खोकं आणखी मोठ्या खोक्यात आणि मधल्या जागेत मऊ काहीतरी. अण्णांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग विचारलं, "ह्येनं बांधलं. पर आपटून बघितलं का?"

"नाही."

"मग त्याला काय म्हाईत?"

त्या प्रश्नातून कुरडई निघाली.

ज्यांनी कुरडई केली नसेल, निदान हाताळली नसेल, त्यांना तिचा नाजूकपणा सांगून कळणार नाही. गव्हाच्या चिकाची, सोऱ्यातून पाडलेली, उन्हात कडक वाळलेली जाळी. डब्यातून काढताना नुसती बोटं लागली तरी दोन तारा मोडतात. अण्णांनी भाभींकडून एक निवडून आणली आणि व्हॉल्वच्या शेजारी उजेडात धरली. "बघा. व्हॉल्वच्या तारा आत, हिच्या भाईर. येवढाच फरक. ही धड आली तर ते धड जाईल."

म्हणजे बेत असा. मशीनच्या वजनाच्या विटा खोक्यात घालायच्या, व्हॉल्वच्या जागी कुरडई बसवायची, मशीन बांधायचं तसंच बांधायचं आणि बापूच्या टेम्पोतून फिरवून आणायचं. बापू आमच्या गल्लीतला टेम्पोवाला. बाजाराच्या दिवशी काष्टीला शेळ्या न्यायचा, एरवी खर्ड्याकडे किराणा. अण्णांनी त्याला सांगून ठेवलं होतं की खड्डा चुकवायचा नाही. बापूनं मला नंतर सांगितलं, "मॅडम, आजवर समदी गिऱ्हाइकं म्हनत्यात हळू घे. ह्यो पहिला मानूस, म्हनतो आपटत ने."

पहिल्या खेपेला अण्णांनी खोक्यात ज्वारीचा कडबा बारीक कुटून भरला. इकडे अंडी, काचेच्या बरण्या, सगळं कडब्यात नाहीतर भुशात जातं, त्यात नवल काही नव्हतं. खोकं काष्टीला गेलं. परत आलं तेव्हा त्याला एका बाजूनं टोपलीएवढं भगदाड होतं. शेळ्यांनी पुठ्ठा फाडला, कडबा संपवला आणि कुरडईही. अण्णांनी विटा मोजून घेतल्या. तेवढ्या होत्या.

मग त्यांनी सुताराकडून बाभळीच्या फळ्यांची भक्कम पेटी करून घेतली, आत पुन्हा कडबा. शेळी काय, हत्तीनं दात लावला तरी काही होणार नाही अशी पेटी. तिचा फोटो मी पुण्याच्या शिपिंगवाल्या एजंटाला पाठवला. त्याचा तत्काळ फोन आला. कच्चं लाकूड चालणार नाही, त्यात किडे असू शकतात. भट्टीत तापवून शिक्का मारलेलंच लाकूड लागतं. आणि गवत, कडबा, भुसा यांतलं काहीही परदेशात उतरू देत नाहीत.

मी हे अण्णांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसले. "कडबा चालत न्हाई?" पुन्हा विचारलं. "आपल्या शेळीला चालतो की." पेटी आता भाभींच्या गच्चीवर असते, तिच्यात त्या सोरे ठेवतात.

एजंटानं शिक्क्याची पेटी आणि प्लॅस्टिकच्या फुग्यांचा गुंडाळा पाठवला. फुगे अण्णांना मुळीच पटले नाहीत. एक फोडून बघितला, फट झालं. "एकदा फुटला की संपला. पुन्हा दुसरा धक्का बसला म्हंजी?" त्यावर भिंतीपलीकडून भाभींचं डोकं वर आलं. "अहो, गोधडी घाला. लेकरू गाडीवरून पडलं तरी गोधडीतलं रडत न्हाई."

आणि त्यांनी शिवायलाच घेतलं. जुन्या सुती साड्या धुवून, कडक वाळवून, थरावर थर. अॅम्प्लिफायरला मापाची गोधडी, त्याच्या जड ट्रान्सफॉर्मरखाली जाड गादी, स्पीकरच्या तोंडावर अस्तर. प्रत्येक व्हॉल्वला तर एकेक टोपडं, बंदासकट. अंगणात ती टोपडी वाळत घातली होती तेव्हा गल्लीतल्या बायका येऊन विचारून गेल्या, बाळंतीण कोण आहे म्हणून.

गोधडीतली कुरडई बापूबरोबर खर्ड्याला गेली, काष्टीला गेली, वस्तीवरच्या कच्च्या रस्त्यानं फिरून आली. दर वेळी पेटी अंगणात उतरायची, आम्ही भोवती जमायचो. अण्णा एकेक थर बाजूला करायचे, टोपड्याचा बंद सोडायचे आणि तळव्यावर कुरडई घेऊन चष्मा वर करायचे. "एक तार गेली." मग भाभी आणखी एक थर वाढवायच्या, तारीख पुढे जायची आणि मी ताईला कळवायचे की अजून झालं नाही.

इथंच मला एक गोष्ट खटकू लागली. तार गेली असं म्हणताना अण्णांचा चेहरा पडत नव्हता. उलट जरा सैल व्हायचा. त्या संध्याकाळी ते इंग्रजी छत्रीवाली तबकडी दोनदा लावायचे. मला कळेना, या माणसाला कुरडई धड हवी आहे की मोडलेली?

भाभींना विचारलं. त्या सोऱ्याची दांडी फिरवत होत्या, थांबल्या नाहीत. "तिकडं गेल्यावर बोलावं लागंल ना. हितं फोन आपल्या हातात देत्यात. तिथं कुनाच्या हातात देनार?"

आणि मग एक दिवस कुरडई धड आली.

काष्टीहून आली होती, शेळ्यांसकट. अण्णांनी टोपडं उघडलं, कुरडई तळव्यावर घेतली, फिरवली, उलटी केली, उजेडाला धरली. एक तारही गेली नव्हती. बापूनं टाळी वाजवली. भाभी म्हणाल्या, "आता काय कारन सांगायचं, अण्णा?"

अण्णांनी कुरडई फडताळात माईकच्या डब्याशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी एजंटाची माणसं येऊन रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांची पेटी सीलबंद करून गेली. अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी ते दोन दिवसांनी नेणार होते. ती माणसं गेल्यावर अण्णा जिना चढून वर आले. हातभर अंतरावर उभे राहिले.

"कुरडई येगळी, मशीन येगळं. मशीन घालून एकदा खर्ड्याला नेऊन आनतो. ते फुटलं तर हितंच फुटंल. मग लेकीला सांगा, न्हाई जमलं."

मी म्हटलं, मीही येते.

बापूच्या शेजारी मी पुढे बसले. अण्णा मागे हौद्यात, पेटीला टेकून. बापूनं दर खड्ड्याला इमानानं चाक घातलं. माझी हाडं खिळखिळी झाली. खर्ड्याच्या किल्ल्याची भिंत दिसायला लागली तेव्हा बापू म्हणाला, "मॅडम, एक इचारू? मशीन फुटलं तर अण्णा जात न्हाईत, व्हय ना?"

"हो."

"मग मी काय करू? आपटू का जपू?"

मी मागं वळून काचेतून पाहिलं. अण्णांनी दोन्ही हात पेटीभोवती टाकले होते आणि दर धक्क्याला आपलं अंग पेटीखाली सरकवायचा प्रयत्न करत होते. "बघ मागं," मी बापूला म्हटलं. त्यानं आरशात पाहिलं आणि पुढचा खड्डा चुकवला.

परत आलो तेव्हा ऊन उतरत होतं. पेटी उघडली. टोपडी सोडून अण्णांनी एकेक व्हॉल्व जागेवर बसवला, स्पीकर जोडले, बटण दाबलं. आम्ही सगळे गप्प. मी, बापू आणि हाताचं पीठ न धुता आलेल्या भाभी. तारा हळूहळू तांबूस झाल्या. सगळ्यांच्या सगळ्या.

"पेटलं," बापू म्हणाला.

"पेटलं म्हंजी बोललं न्हाई," अण्णा म्हणाले. "आवाज बघाया पायजे."

आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं. आवाज बघायचा कशावर? रेकॉर्ड प्लेअर सीलबंद, तबकड्या सीलबंद. मशीनमध्ये घालायला घरात एकच गोष्ट उरली होती. भाभींनी फडताळातून डबा आणला, मफलर सोडला आणि माईक पाटावर ठेवला. हा माईक अण्णा नेणारच नव्हते, मला देऊन जाणार होते.

"मॅडम, तुमी बोला," अण्णा म्हणाले.

"मी नाही बोलणार."

"भाभी, तुमी."

भाभींनी पिठाचे हात दाखवले. बापू केव्हाच दारापाशी सरकला होता. अण्णा उठायला लागले. "ऱ्हाऊ द्या. बंद करतो."

तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. इतके दिवस जे पोटात ठेवलं होतं ते मी बोलून टाकलं. "अण्णा, चिऊनं ताईला विचारलं, आजोबांना बोलता येत नाही का."

ते उभे राहता राहता खाली बसले. माझ्याकडे पाहिलं, भाभींकडे पाहिलं. भाभींनी मान खाली घातली. मला वाटलं, फार मोठी चूक केली मी, आता हा म्हातारा माझ्याशी कधी बोलायचा नाही.

अण्णांनी नखानं चिकटपट्टी काढली. माईक जोडला. तो तोंडाशी कसा धरायचा हे हाताला अजून आठवत होतं. घसा खाकरला, तर खाकरणंही स्पीकरमधून आलं आणि ते दचकले. मग ती जुनी, इस्त्रीची भाषा आली:

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

खोलीत त्यांचा आवाज भरून राहिला. जरा जाड, जरा थकलेला, उबदार आवाज, आणि प्रत्येक अक्षर वेगळं, निवडलेल्या तांदळासारखं. अण्णा थांबले. स्पीकरकडे वळून बघत राहिले. मग माईक तोंडाशी असतानाच, साध्या आवाजात, त्यांनी विचारलं, "भाभी, ह्यो मी हाय?"

"तुमीच हाय की अण्णा. मग कोन?"

"कागद फाटंना की."

भाभींनी पदर डोळ्यांना लावला, पीठ सगळं तोंडाला लागलं. मी मोबाईल काढला. तिकडे सकाळ असणार, चिऊ शाळेला निघायच्या घाईत. ताईनं फोन उचलला, मी नुसतं म्हटलं, "चिऊला दे आणि स्पीकरवर टाक." मोबाईल अण्णांच्या स्पीकरसमोर धरला आणि त्यांना खूण केली.

पलीकडून बारीक आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय?"

अण्णांच्या ओठांची हालचाल झाली, आवाज निघेना. मग निघाला.

"चिऊ, मी तुजा आजा. मला बोलता येतंय, बाई."

पुढं ते किती तरी वेळ बोलत होते. शेळ्यांनी कुरडई खाल्ली ते सांगितलं, खर्ड्याचे खड्डे सांगितले, टोपडी सांगितली. ती पोर खिदळत होती. ताई मधूनच "अण्णा" एवढंच म्हणत होती. भाभींचा चहा उकळून उकळून आटून गेला.

मशीन पुढे समुद्रातून हेलकावे खात धड पोचलं. तिथली वीज वेगळी म्हणून आणखी एक ट्रान्सफॉर्मर लावावा लागला, एवढाच काय तो त्रास. टोपडी म्हणे चिऊनं बाहुल्यांना घातली. माईक अर्थातच गेला, मला काही मिळाला नाही. मला मिळाली ती पास झालेली कुरडई. ती माझ्या फडताळात आहे आणि भाभी आल्या की म्हणतात, तळून टाका आता, तिला किती दिवस ठेवायची.

पण मला अण्णांची आठवण म्हटली की ते जायच्या दिवशीची सकाळ आठवते. मी वर आवरत होते, खाली जायला निघणारच होते. गाडी दारात लागलेली ऐकू आली, बापूनं बॅगा ठेवल्या. मी कान देऊन वाट बघत होते की आता जिना वाजेल, गुडघे धरत अण्णा वर येतील, हातभर अंतरावर उभे राहतील आणि सांगतील की प्रस्थानाची वेळ झाली, संबंधितांनी नोंद घ्यावी.

जिना वाजला नाही. अंगणातून, खालून, गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हाक आली.

"मॅडम! ओ मॅडम! निघालो बरं का!"

मी दारामागेच उभी होते. तरी लगेच ओ दिली नाही. म्हटलं, आणखी एकदा हाक मारू देत.